मूळ पत्रा म्हणजे कोणता?

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा झिजलेले दगड बदलतात, शिखराला नवा गिलावा होतो, कधी कधी अख्खा सभामंडप नव्याने उभा राहतो. तरीही देऊळ जुनंच म्हणवतं आणि त्याबद्दल कुणी वाद घालत नाही. जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारात मात्र ‘मूळ’ या एका शब्दावरून चांगल्या चांगल्या मित्रांनी अबोला धरलेला मी पाहिला आहे. माझ्या गराजमध्ये १९६७ सालची एक एम.जी.बी. आहे. तिच्यासाठी मूळचे पत्रे शोधता शोधता हा शब्द किती निसरडा आहे ते कळत गेलं. त्या शोधाची ही थोडी तांत्रिक, पण बरीचशी ऐतिहासिक हकिकत.

पत्र्याला एवढं महत्त्व का, ते आधी सांगायला हवं. एम.जी.बी.च्या आधीच्या एम.जी.ए. या गाडीला खाली भक्कम चॅसी होती आणि तिच्यावर देह चढवलेला होता. १९६२ साली आलेल्या एम.जी.बी.ला स्वतंत्र चॅसीच नाही. वाकवलेले, दाबलेले पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून जो सांगाडा होतो, तीच चॅसी आणि तोच देह. दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळईला सिल म्हणतात. उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे सगळा ताण या दोन सिलांवर येतो. नेमकी तिथेच माती आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ साचतं, आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं काम आटोपलेलं असतं. तेव्हा या गाडीत पत्रा बदलणं म्हणजे कपडे बदलणं नव्हे, हाडं बदलणं आहे.

असे दाबून केलेले पोलादी देह हा मूळचा अमेरिकन उद्योग, आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तर अगदी शेजारचा. पहिल्या मोटारींचे देह बग्गीसारखे असत : लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. एडवर्ड बड यांनी १९१२ साली फिलाडेल्फियात कारखाना काढला आणि संपूर्ण पोलादी देहाचा ध्यास घेतला. १९१४ साली बाजारात आलेल्या डॉज बंधूंच्या गाडीला त्यांनीच असा देह पुरवला. पुढे इंग्लंडच्या विल्यम मॉरिस यांना हे तंत्र हवंसं वाटलं. १९२६ साली बड, मॉरिस आणि एक बँकिंग पेढी यांनी मिळून ऑक्सफर्डजवळ काउली येथे ‘प्रेस्ड स्टील’ ही कंपनी उभी केली. मॉरिस भागीदार असेपर्यंत त्यांचे प्रतिस्पर्धी तिथून देह घ्यायला बिचकत. म्हणून १९३० साली मॉरिस बाहेर पडले आणि कंपनी सगळ्यांची पुरवठादार झाली.

एम.जी.बी.चे पत्रे दाबले गेले ते याच कंपनीच्या स्विंडन येथील कारखान्यात. गाडीवर पत्ता अॅबिंग्डनचा असला तरी अॅबिंग्डनला पत्रे दाबणारे प्रेस नव्हते. तिथे तयार देह यायचे आणि त्यांत इंजिन, चाकं, खुर्च्या बसवल्या जायच्या. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एम.जी.बी. झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक उत्तर अमेरिकेत आल्या. आज इकडच्या कोठारांमधून आणि परसांमधून त्या निघतात, त्या यामुळेच.

आता पत्र्यांच्या बाजाराकडे वळू. हर्शीला दर ऑक्टोबरात जुन्या मोटारींचा आणि सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिथे आणि अशा इतर बाजारांत फिरताना माझ्या ध्यानात आलं की पत्र्यांच्या तीन जाती आहेत. पहिली, गाडीच्या उत्पादनकाळात दाबलेला पण कधीच न वापरलेला साठा. हा दुर्मिळ, महाग आणि कोठारात पडून पडून पोचे आलेला असतो. दुसरी, दुसऱ्या गाडीवरून कापून काढलेला पत्रा. कोरड्या अॅरिझोनातून आलेला असेल तर उत्तम. तिसरी, नव्याने केलेली नक्कल. नकलांमध्ये बऱ्याही असतात आणि ज्यांचा मडगार्ड दाराशी जुळतच नाही अशाही असतात.

एका बाजारात मी जुन्या साठ्यातला मडगार्ड आणि एक स्वस्त नक्कल शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एम.जी.बी.च्या कुशीवर एक उठावदार रेघ मडगार्डवरून दारावर आणि पुढे मागपर्यंत सरळ जाते, तिच्यावर चकचकीत पट्टी बसते. नकलेतली रेघ बोथट होती, आणि दिव्याजवळचा फुगवटा जरा चपटा. मापपट्टी लावली तर फरक दोन-तीन मिलिमीटरचा. डोळ्याला मात्र तो लगेच कळतो, ओळखीच्या माणसाचा आवाज सर्दीने बदलला की कळतो तसा.

हा फरक का पडतो? माझी डॉक्टरेट धातूच्या घडणीवर होती, पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो. त्या जुन्या विद्येचा इथे उपयोग झाला. पत्रा दोन साच्यांमध्ये दाबला की साच्याचा आकार घेतो. पण दाब काढला की पोलाद लवचीकपणामुळे किंचित मागे उलगडतं. जुने साचेकारागीर हे जाणून असत. म्हणून ते साचा मुद्दाम थोडा जास्त वाकडा करत आणि दाबून पाहून, घासून, पुन्हा दाबून पाहून तो जमवत. याचा अर्थ असा की साच्याचा आकार आणि पत्र्याचा आकार एक नसतो. तयार मडगार्डची हुबेहूब मापं घेऊन त्यावरून साचा केला, तर त्यातून निघणारा मडगार्ड चुकीचा असतो. शिवाय एक मडगार्ड एका दाबात होत नाही. खोल दाबणं, कडा कापणं, भोकं पाडणं, कडा दुमडणं यांसाठी वेगवेगळे साचे लागतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पत्रा म्हणजे चालणारा प्रोग्रॅम आणि साचा म्हणजे त्याचा सोर्स कोड. प्रोग्रॅम हाती असला म्हणून सोर्स कोड हाती येत नाही. आज लेझरने मापं घेता येतात, संगणकावर पत्र्याचं उलगडणं आधी अजमावता येतं, तरी कारागिराने घासून जमवलेलं ते शेवटचं केसभर अंतर परत मिळवणं खर्चाचं काम आहे.

पेणच्या गणपतींचं उदाहरण घ्या. मूर्ती दरवर्षी पाण्यात जाते. पुढच्या वर्षी तीच मुद्रा पुन्हा येते, कारण साचा कारखान्यात जपलेला असतो. एम.जी.बी.च्या बाबतीत हे असंच घडलं, म्हणून ती आज रस्त्यावर आहे. अॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. बंद पडलेल्या गाडीचे साचे सहसा भंगारात जातात, कारण ते कित्येक टन वजनाचे, जागा अडवणारे आणि हिशेबाच्या वहीत निरुपयोगी असतात. पण मूळ कंपनीच्याच ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या १९७५ साली स्थापन झालेल्या शाखेत डेव्हिड बिशप यांनी हे साचे हुडकून एकत्र करण्याचं काम अंगावर घेतलं. जे मिळाले नाहीत ते नव्याने करून घेतले. १९८८ साली त्यांनी फॅरिंग्डन इथे एम.जी.बी.चा अख्खा नवा देह विक्रीला काढला. आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गाडीचा कोरा सांगाडा आता विकत मिळू लागला!

त्याचा परिणाम केवळ हौशी लोकांपुरता राहिला नाही. छोट्या उघड्या गाड्यांना पुन्हा मागणी आलेली पाहून रोव्हरने १९९३ साली याच देहात फेरफार करून एम.जी. आर.व्ही.८ बाजारात आणली. सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. थोडक्यात, भंगारातून वाचवलेल्या लोखंडाने एक नवी गाडी जन्माला घातली.

माझ्या गाडीच्या सिलांसाठी आणि एका मडगार्डसाठी मी या हेरिटेजचेच पत्रे घेतले. आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “नवीनच की हे! मूळचे कसे?” मी म्हटलं, “पोलाद नवीन, साचा मूळचा.” त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. साचे झिजतात, काही बदललेले आहेत. ज्या कामगाराने १९६७ साली तो पत्रा दाबला त्याचा हात या पत्र्याला लागलेला नाही. तरीही, आतून पोखरलेल्या मूळ सिलावर पुट्टी भरून ‘अस्सल’ म्हणवण्यापेक्षा मूळ साच्यातल्या नव्या पत्र्यावर गाडी चालवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. जीर्णोद्धाराचा अर्थच तो आहे.

हे सगळं लिहिताना मला सारखी कुर्ल्याची आठवण येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे फियाट ११०० बनवली. इटलीत ११००डी १९६६ साली थांबली, पण कुर्ल्यात तोच देह ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशा नावांनी शतक सरेपर्यंत निघत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तेव्हा एखादी तरी टॅक्सी आठवण म्हणून जपावी, अशी मागणी झाली. मागणी रास्तच आहे. पण संग्रहालयातली एक गाडी म्हणजे जपलेली एक मूर्ती. तिचा पुढचा मडगार्ड गंजला की तो पुन्हा दाबायचा कशावर?

आपल्यापैकी बरेच जण कारखान्यांशी, आराखड्यांशी, प्रोग्रॅमांशी रोज संबंध असलेले आहोत. काही बंद करायची वेळ आपल्यावरही येते. त्या दिवशी तयार वस्तूचा एक नमुना काचेच्या कपाटात ठेवून आपण समाधान मानतो. वाचकहो, नमुना जरूर ठेवा. पण जागा एकाच वस्तूला असेल, तर साचा ठेवा.