नकोशी समिती

राजकारणात एखाद्याला धडा शिकवायचा असेल तर त्याला बिनमहत्त्वाच्या खुर्चीवर बसवतात. १९५९ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये मेन राज्यातून नव्याने निवडून आलेल्या एडमंड मस्कींचे तेच झाले. सभागृहाच्या नियमांवरून झालेल्या वादात त्यांनी बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन यांना साथ दिली नाही. मस्कींना परराष्ट्र व्यवहार समिती हवी होती; पदरात पडली सार्वजनिक बांधकाम समिती. रस्ते, धरणे, बंदरे, सरकारी इमारती! ज्याला आपल्या भागात पूल हवा त्याने या समितीची मनधरणी करायची, एवढीच तिची ख्याती. (आपल्याकडे हे वेगळे समजावून सांगायला नको.)

मस्की हे पोलंडहून आलेल्या एका शिंप्याचे चिरंजीव. गाव रमफर्ड, कागद कारखान्याचे. अँड्रोस्कॉगिन नदीचे काय झाले आहे, हे त्यांना अहवालातून कळण्याची गरज नव्हती. १९६३ मध्ये याच समितीत हवा व जलप्रदूषणाची उपसमिती निघाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. पुढची वर्षे तसे कंटाळवाणेच काम चालले: सुनावण्या घ्यायच्या, कारखानदार, डॉक्टर, अभियंते बोलवायचे, उलटसुलट प्रश्न विचारायचे. मसुद्यावर रिपब्लिकन सदस्यही सोबत बसत. खरी ताकद तिथे कमावली गेली, असे मला वाटते. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा सिनेटने ७३ विरुद्ध ० मतांनी संमत केला.

पाण्याच्या कायद्यात समितीचा जुना धंदा उपयोगी पडला. नुसती बंदी घालून नद्या स्वच्छ होत नाहीत, मैलापाणी शुद्ध करायला केंद्रे बांधावी लागतात. म्हणून १९७२ च्या कायद्यात त्यासाठी १८ अब्ज डॉलर ठेवले आणि खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्रावर टाकला. खर्च फार होतो म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १७ ऑक्टोबरला नकाराधिकार वापरला. दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत सिनेटने तो ५२ विरुद्ध १२ मतांनी उडवला. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी. निक्सन यांच्या पक्षाचे अनेक जण त्यांच्या विरोधात गेले.

हरलेल्या निक्सननी मग पैसाच अडवला. पहिल्या दोन वर्षांच्या ११ अब्जांपैकी ५ अब्जच वाटले. न्यूयॉर्क शहर कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण रक्कम वाटायलाच हवी, असा निकाल दिला. निक्सन तोवर पायउतार झाले होते.

१९७७ मध्ये त्या समितीचे नाव बदलले: पर्यावरण व सार्वजनिक बांधकाम समिती.