प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: एका ट्रिपमध्ये तीन देश, पण व्हिसासाठी अर्ज कुठे करायचा?

एप्रिल-मेमध्ये युरोपात वसंत असतो आणि जुलै-ऑगस्टपेक्षा गर्दी कमी असते. चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे शेजारी देश रेल्वेने सहज जोडता येतात. प्राग ते व्हिएन्ना सुमारे ४ तास, तिथून बुडापेस्ट साधारण पावणेतीन तास.

व्हिसा कोणत्या देशाचा?
तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो. मात्र जिथे मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. समजा, प्रागमध्ये ४ दिवस आणि बाकी दोन्ही शहरांत ३-३ दिवस, तर अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे. सगळीकडे मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये प्रवेश करणार, त्याच्याकडे. केवळ अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसरा देश निवडू नका. अर्ज परत आला तर हाताशी असलेले दिवस वाया जातात.

अर्ज कधी करायचा?
प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ दिवसही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे.

आणखी काय लक्षात ठेवायचं?
- जाताना प्राग, येताना बुडापेस्ट असं विमान तिकीट काढलं, तर उलट प्रवास वाचतो.
- युरो फक्त ऑस्ट्रियाचं चलन आहे. चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट चालतं.
- ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो. ईस्टरच्या रविवारी-सोमवारी व्हिएन्नात बहुतेक दुकानं बंद असतात.