कॅमेऱ्याची धांव कोठें अडते?

घोडा भरधांव दौडत असतां त्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीपासून सुटतात काय? प्रश्न साधा, पण नुसत्या डोळ्यांनीं त्याचा निकाल लागत नव्हता. १८७८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यांनीं धांवपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनें मांडले. घोडा पुढें जाईल तसतसे वाटेंत ताणलेले दोरे तुटत गेले, कॅमेऱ्यांचे पडदे एकामागून एक उघडले, आणि निकाल लागला. पाय सुटतात खरे. पण चित्रकार दाखवीत तसे पसरलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं जवळ आलेले असतांना.

परंतु श्रोतेहो, मायब्रिज यांनीं खरी अडचण सोडविली नव्हती. ती चुकविली होती. एक कॅमेरा बारा चित्रें भराभर घेऊं शकत नव्हता, म्हणून त्यांनीं बारा कॅमेरे योजले. एकाच कॅमेऱ्यानें सेकंदाला किती चित्रें घ्यावीं आणि त्याला कोण अडवितें, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

पहिला अडसर जडत्वाचा. १८८२ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनीं बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. त्यांतील वाटोळी कांच सेकंदाला बारा वेळां फिरे आणि बारा वेळां थांबे. प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे तो मात्र १/७२० सेकंदच! बाकीचा बहुतेक वेळ ती कांच हालविण्यांत व थांबविण्यांत खर्ची पडे. पुढें कांचेच्या जागीं फीत आली; पण तीही फार जोरानें ओढली कीं तुटे.

१९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी या घटकाची कल्पना मांडली. येथें प्रकाशाचा विद्युद्भार होतो. फीत नाहीं, चाक नाहीं. मग अडवील कोण? पण विहिरीपासून आगीपर्यंत माणसांनीं रांगेनें बादल्या हातोहात द्याव्या, तसा प्रत्येक बिंदूचा भार शेजाऱ्याकडे सरकत अखेर एकाच दारानें बाहेर पडे. बिंदु लाखों आणि दार एक! यावर उपाय म्हणजे दारें वाढविणें. १९९० नंतरच्या दशकांत एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनीं सीमॉस पद्धतीचे संवेदक पुढें आणले. त्यांत प्रत्येक उभ्या स्तंभाला स्वतंत्र मापक देतां येऊं लागला. तरी आडव्या ओळी एकीमागून एकच वाचाव्या लागतात. म्हणून चित्राची उंची निम्मी केली, तर वेग सुमारें दुप्पट होतो.

आतां अडसर कॅमेऱ्याच्या बाहेर आला. २००६ सालीं ठरलेल्या गिगई व्हिजन पद्धतींत मूळच्या तारेंतून सेकंदाला फार तर साडेबारा कोटी बाइट जातात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचें एक चित्र, बिंदूस एक बाइट धरला, तरी वीस लाखांवर जातें. म्हणजे संवेदक कितीही चपळ असो, सेकंदाला साठच चित्रें बाहेर पडणार.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. कारखान्यांत औषधाच्या कुप्या पट्ट्यावरून सरकत असतात. तडा गेलेली एखादी कुपी कॅमेऱ्याच्या नजरेंतून निसटली, तर ती रुग्णापर्यंत पोंचूं शकते. पट्टा सेकंदाला एक मीटर सरकत असेल आणि पडदा सहस्रांश सेकंद उघडा असेल, तर तेवढ्यांत कुपी एक मिलिमीटर पुढें जाते. बारीक तडा त्या पुसटपणांत लोपतो. उलट, उजेड मंद म्हणून प्रत्येक चित्राला शतांश सेकंद द्यावा, तर सेकंदाला शंभरांहून अधिक चित्रें ब्रह्मदेवालाही घेतां येणार नाहींत.

प्रकाश, संवेदक आणि तार हे एकाच गाडीचे बैल आहेत. गाडी चालते ती सर्वांत मंद बैलाच्या चालीनें. म्हणून महागडा कॅमेरा घेण्यापूर्वीं कोणता बैल मागें पडतो आहे तें पाहावें. कित्येकदां नव्या यंत्राऐवजीं एक प्रखर दिवा पुरतो. पालो आल्टोच्या धांवपट्टीमागें मायब्रिज यांनीं पांढरी पार्श्वभूमि उभारली होती, ती उजेड वाढविण्यासाठींच!