पांढऱ्या उजेडाची भट्टी

क्वांटम डॉटचा, म्हणजे आकारावर रंग ठरणाऱ्या अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांचा, इतिहास सहसा सिद्धान्ताचा विजय म्हणून सांगितला जातो. तो त्याहून अधिक कारागिरीचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. अतिसूक्ष्म कणाचे गुणधर्म त्याच्या आकारावर ठरतील, हे हर्बर्ट फ्रोलिश यांनी १९३७ मध्येच मांडले होते. पण त्यातून दिवा लागला नाही. १९८० च्या सुमारास सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंशांवर कधी तासभर, तर कधी ९६ तास तापवली. काचेत तयार झालेले स्फटिक जितके लहान, तितके त्यांचे प्रकाशाचे शोषण निळ्याकडे सरकलेले दिसले. पण काचेत अडकलेले कण हाताळता येत नव्हते. १९९३ मध्ये माउंगी बावेंडी यांच्या गटाने तापलेल्या द्रावकात रसायने झटक्यात सोडून जवळपास एकसारखे कण वाढवले; पुढच्याच वर्षी बर्कलीत अशा कणांचा एलईडी उजळला.

सिद्धान्ताशिवाय आकाराप्रमाणे बदलणाऱ्या या रंगांचा अर्थ लागला नसता, हा आक्षेप रास्त आहे. पण अर्थ लागणे वेगळे आणि उजेड घडवणे वेगळे. निळा एलईडी आणि पिवळा फॉस्फर (निळा उजेड शोषून पिवळा देणारा पदार्थ) यांच्या पांढऱ्या उजेडात लाल तोकडा पडतो, म्हणून त्वचा आणि फळे निस्तेज दिसतात. ही उणीव भरणारा, नेमका हवा तो लाल देणारा कण आकार साधल्यावरच मिळतो. अशा अनेक कणांतल्या कॅडमियमच्या विषारीपणाचा प्रश्न खराच. त्यावर इंडियम फॉस्फाइडचा पर्यायही रसायनशाळेतच घडला.