हडसनखालची हवा

माझी उमेदीची वर्षं घाटातल्या बोगद्यांच्या कामावर गेली. माझ्याकडे खातं होतं हवेचं. सुरुंग उडाला की धूर आणि धूळ आत कोंदून राहते. छताला टांगलेल्या लवचीक डक्टमधून पंखा ताजी हवा पार खडकाच्या तोंडापर्यंत ढकलतो, मीटरवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उतरतो, मगच माणसं आणि लोडर आत सोडायचे. पाहायला येणारे लोक खडक किती कठीण, रोज किती मीटर काम होतं, हे हमखास विचारत. हवेची चौकशी क्वचितच होई. म्हणून आज तिचीच कहाणी सांगते. ती सुरू होते न्यूयॉर्कला, हडसन नदीखाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनहॅटन आणि न्यू जर्सी यांच्यामधली वाहतूक फेरीबोटींवर चाले. नदीखालून रेल्वेचे बोगदे झाले होते, पण त्यातल्या गाड्या विजेच्या. त्यांना धूर नव्हता. मोटारींचं तसं नव्हतं. अडीच किलोमीटरच्या बंद नळीत हजारो मोटारींनी सोडलेल्या विषारी वायूचं करायचं काय, याचं उत्तर त्या काळी कोणाकडेच तयार नव्हतं. मोटारींसाठी नदीखालून बोगदा बांधण्याचं हे काम १९१९ मध्ये क्लिफर्ड हॉलंड या अवघ्या ३६ वर्षांच्या अभियंत्याकडे आलं. पनामा कालव्यामुळे नावाजलेल्या जनरल गोथल्स यांचा दुमजली रस्त्याच्या एकाच मोठ्या काँक्रीट नळीचा आराखडा त्याने बाजूला ठेवला आणि बिडाच्या कड्यांच्या दोन स्वतंत्र नळ्या सुचवल्या.

ऑक्टोबर १९२० मध्ये काम सुरू झालं. नदीच्या तळाच्या गाळातून पोलादी ढाल हायड्रॉलिक जॅकने पुढे रेटायची आणि तिच्या मागे बिडाची कडी बोल्टांनी जोडत जायची. पाणी आत घुसू नये म्हणून कामाच्या जागी हवेचा दाब वाढवलेला असे. पाळी संपल्यावर मजुरांना बंद खोलीत बसवून दाब हळूहळू उतरवत. घाई केली तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडे, प्रसंगी दगावेही. या दाबाच्या आजाराने तिथे एकही मजूर गेला नाही. इतर अपघातांत मात्र १३ जणांचा जीव गेला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते या खोदाईच्या जोडीने झालेलं संशोधन. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रूसटन इथल्या खाणीत, जमिनीखाली, ४०० फूट लांबीचा लंबगोल रस्ता बांधला, त्यावर मोटारी फिरवल्या आणि हवेचे नमुने तपासले. येल विद्यापीठात स्वयंसेवक बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या हवेत बसले. दहा हजार भाग हवेत कार्बन मोनॉक्साइड चार भागांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे त्यातून ठरलं. काँक्रीटच्या वाहिन्यांत हवेला किती अडथळा होतो, याचे प्रयोग इलिनॉय विद्यापीठात झाले. आधी माणसाच्या श्वासाचं माप, मग पंख्याचं. आमच्या धंद्यातली ही शिस्त तिथे घडली.

एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे हवा फुंकायची, तर एवढ्या लांबीत आत वादळच सुटलं असतं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले सिंगस्टाडने आडव्या वायुवीजनाची रचना केली. गोल नळीत रस्ता मधोमध येतो, म्हणजे खाली आणि वर मोकळी जागा उरते. खालच्या वाहिनीतून ताजी हवा रस्त्याच्या कडेच्या अरुंद फटींतून आत येते. धूर तिथल्या तिथे वर चढून छतावरच्या वाहिनीत ओढला जातो. एका गाडीचा धूर मागच्या गाडीच्या नाकात जात नाही. दोन्ही काठांवर मिळून चार इमारतींत ८४ पंखे, आणि दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा नवी.

एवढा खटाटोप कशाला, हे पिट्सबर्गने दाखवलं. तिथले लिबर्टी बोगदे पंखे बसण्याआधीच वाहतुकीला खुले केले होते. मे १९२४ मध्ये आत गाड्या खोळंबल्या आणि माणसं गुदमरून पडली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हडसनखाली दोन्ही बाजूंची खोदाई भिडायच्या ऐन तोंडावर, हॉलंड वारला. त्याच्या जागी आलेला मिल्टन फ्रीमन पाच महिन्यांत न्यूमोनियाने गेला. सिंगस्टाडने काम तडीस नेलं. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी हॉलंडच्या नावाने तो बोगदा वाहनांना खुला झाला.

खरी परीक्षा मे १९४९ मध्ये झाली. कार्बन डायसल्फाइडची पिंपं घेऊन जाणारा ट्रक आत पेटला. छताचं काँक्रीट ढासळलं, अनेक जण जखमी झाले, पण पंख्यांनी धूर आणि उष्णता वर ओढून धरली आणि बोगद्यात अडकलेले प्रवासी वाचले. याच्या उलट फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात, मार्च १९९९ मध्ये, आगीच्या वेळी एका बाजूने ताजी हवा आत ढकलली जात राहिली, धूर पसरला आणि ३९ जण मृत्यू पावले. पंखे असणं आणि ते वेळेवर योग्य दिशेने चालवणं, दोन्ही लागतं.

आपल्याकडे मुंबईच्या किनारी रस्त्यावर मलबार हिलखालून गेलेल्या, सुमारे दोन किलोमीटरच्या जोडबोगद्यांत साकार्दो पद्धत वापरली आहे. मार्को साकार्दो हा इटालियन अभियंता. वाफेच्या इंजिनांचा धूर हटवायला त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती काढली: तोंडाशी मोठे पंखे ठेवून हवेचा तिरका झोत आत सोडायचा, म्हणजे सगळी हवा एकाच दिशेने वाहू लागते. एकेरी वाहतुकीच्या बोगद्याला ती शोभते, कारण आगीच्या पुढच्या गाड्या निघून जातात आणि धूरही त्याच बाजूला रेटला जातो.

मुंबईचे हे बोगदे खोदणाऱ्या ‘मावळा’ यंत्राचं कौतुक पुष्कळ झालं, ते रास्तच आहे. पण आपल्याकडे बोगद्यांची संख्या वाढते आहे, तेव्हा हवेचाही जाब विचारायला शिका. पंख्यांची चाचणी केव्हा झाली, आगीची तालीम झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. आणि बोगद्यात गाड्या खोळंबल्या तर इंजिन बंद करा, जवळचा सुटकेचा दरवाजा पाहून ठेवा, धूर दिसला तर गाडीचा मोह सोडून चालू लागा.