वतनाची भाकर, निराधारचे अनुदान आणि लुंबिनीची वाट

बेसा येथील आमच्या एका साथीचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करते आणि त्याला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते. यंदा विहारातून उपासक-उपासिकांची बस लुंबिनीला निघाली. त्याच्या जागेचे पैसे बहिणीने आणि भाऊजींनी भरले होते. निघायच्या आठवडाभर आधी त्याने स्वतःच नाव काढून घेतले. शेजारच्या एकाने त्याला सांगितले होते, "लेका, लुंबिनी नेपाळात येते. निराधार म्हणून पैसे उचलतो अन् परदेशात फिरतो, असा कोणी अर्ज टाकला तर अनुदान बंद होईन."

बस गेली, तो घरी राहिला. सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमाने त्याला अंगणातून दिसतात. त्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे.

आम्ही हे ऐकले तेव्हा आधी शेजाऱ्याचा राग आला. पण ती भीती त्या शेजाऱ्याची एकट्याची नाही. मदत घेणाऱ्याने जागेवरून हलू नये, हा विचार या देशात फार जुना आहे आणि आपल्या बापजाद्यांनी तो अंगावर सोसला आहे. म्हणून हा इतिहास पुन्हा एकदा सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

मुंबई इलाख्यात महार वतन होते. वतनाची थोडी जमीन, बलुत्याचे धान्य आणि दारोदार मागितलेली भाकर, एवढे मिळायचे. त्याच्या बदल्यात महाराने चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या हाकेला हजर राहायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे, मग ती बाई असो की म्हातारा बाप. गाव सोडले तर वतन धोक्यात आणि वतन धरले तर गाव सुटत नाही. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते याच कारणाने. वतन गेले तर खायचे काय, असे आपलेच काही लोक तेव्हा विचारत होते. बाबासाहेबांचे म्हणणे होते की या वतनाने महाराचा स्वाभिमान मारला आणि त्याची धडपड संपवली. ही वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

वतनाच्या शेजारीच दुसऱ्या प्रकारचा पैसाही आपल्या समाजाने पाहिला होता. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले, त्यांना पेन्शन होती. महूहून ते दापोलीला गेले, दापोलीहून साताऱ्याला आणि तिथून मुंबईला. पेन्शन त्यांच्या मागे मागे आली. तू गाव का सोडलेस, असे त्या पेन्शनने विचारले नाही. ती नोकरी करून कमावलेली होती, कोणी उपकार म्हणून दिलेली नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलपर्यंत भीमराव पोहोचला, त्यात बापाच्या कष्टाइतकाच या पेन्शनचाही वाटा आहे.

पुढे १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. म्हणजे बडोद्याच्या पैशालाही अट होती. मात्र त्या अटींनी माणसाला गावात बांधले नाही, त्याला समुद्रापार न्यूयॉर्कला पाठवले. कोलंबिया विद्यापीठातला तो विद्यार्थी दुसऱ्याच्या मदतीवर परदेशात राहत होता. आज त्याला कोणी 'फुकट्या' म्हणेल काय?

आता अपंगत्वाच्या लाभाकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ उभा राहिला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपुरातही आली. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिलचे हे शहर. त्या गिरण्यांत आपली माणसे किती होती, हे जुन्या वस्त्यांतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.

या कायद्याचे कलम ६४ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्याने उपचार चालू असताना डॉक्टरच्या परवानगीशिवाय तो इलाका सोडू नये, असे ते सांगत होते. कारण सरळ आहे. उपचार तिथे चालू आहेत, माणूस बरा होऊन कामावर परतायचा आहे. पण त्याच कलमात कायम अपंगत्वाचा लाभ या अटीतून स्पष्टपणे वगळला होता. यंत्रात ज्याचा हात कायमचा गेला, त्याला महिन्याचा लाभ मिळत राहील आणि त्याने कुठे राहावे, कुठे जावे हे विमा महामंडळ ठरवणार नाही. बाबासाहेबांच्या मजूर खात्यात ज्याची आखणी सुरू झाली, त्या कायद्याने जिथे कारण आहे तिथेच अट ठेवली.

सैन्यातही हेच दिसते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये ते जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेले आणि पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पोहता येते, परदेशात जाता येते, मग हा अपंग कसला, असे त्यांना कोणी विचारले असते तर देशाला लाज वाटली असती. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग बेसातल्या पोराला हाच प्रश्न विचारताना लाज का वाटत नाही?

उत्तर आम्हाला एकच दिसते. सैनिकाची आणि कामगाराची रक्कम समाज हक्क मानतो, निराधारची रक्कम भीक मानतो. १९८० पासून चालू असलेल्या योजनेच्या नावातच 'निराधार' आहे. ज्याला हे नाव लागले त्याने कायम निराधार दिसले पाहिजे, अशी लोकांची अपेक्षा असते. अंगावर नवा शर्ट दिसला तरी शेजारी हिशेब करतात. प्रवास तर फार दूरची गोष्ट. भाकर घेतलीस ना, मग वेशीच्या आत राहा, ही वतनाचीच भाषा आहे. दुःख याचे आहे की आज ती आपल्याच वस्तीत, आपल्याच तोंडून ऐकू येते.

सरकारी पैशाचा गैरवापर होऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. तपासणी जरूर करा. पण कशाची तपासणी? या योजनेत अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दहा दिवस लुंबिनीला गेल्याने यातली कोणती अट मोडते? पाय परत येतात काय? आईचा पगार वाढतो काय? बहिणीने काढलेले तिकीट हे त्याचे उत्पन्न होते काय? नेपाळला जायला भारतीय नागरिकाला पासपोर्ट-व्हिसाही लागत नाही, फोटो असलेले मतदार ओळखपत्र चालते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. परदेशी जाणे हा कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितले आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात ते पक्के केले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याचे कलम १८ सांगते की अपंग व्यक्तीला स्वतःच्या देशासह कोणत्याही देशातून बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ ने सामाजिक सुरक्षा हे सरकारचे कर्तव्य ठरवले आणि इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्यावे असे लिहिले. जे कर्तव्य म्हणून द्यायचे आहे, त्याच्या बदल्यात पायात बेडी घालता येत नाही.

शेवटी बाबासाहेबांचीच एक आठवण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना ते हातात काठी आणि सहकाऱ्याचा आधार घेऊन उभे होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. त्याच अवस्थेत नोव्हेंबरमध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि २० तारखेला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पाय चालत नसताना बाबासाहेब ज्या देशात गेले, त्याच देशात जायला आपला साथी पाय चालत नाहीत म्हणून मिळणाऱ्या अनुदानापायी घाबरतो. हे आपल्या चळवळीचे अपयश आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीत निराधारचे अर्ज भरून देता तेव्हा अटी वाचूनही दाखवा. जे लिहिलेले नाही त्याची भीती कोणी घातली तर, ते कोणत्या नियमात आहे ते लेखी द्या, असे विचारायला शिकवा. विहाराच्या सहलीची यादी करताना चाकाच्या खुर्चीची जागा आधी धरा. पुढची बस निघेल तेव्हा बेसातल्या त्या साथीचे नाव यादीत पहिले असेल, याची जबाबदारी आम्ही घेतली आहे.

जय भीम!