रानपिंगळ्याची चोरी

घुबड दिसलं की आपण अपशकुन म्हणतो. रानपिंगळा हे त्याच कुळातलं लहानसं पाखरू. त्याचं वाईट मात्र माणसानंच केलं. डेव्हिडसन या इंग्रजानं 1884 पर्यंत खानदेशात काही रानपिंगळे टिपले. त्यातला एक लंडनच्या संग्रहालयातून मायनर्टझहागन या लष्करी अधिकाऱ्यानं चोरला, नव्यानं पेंढा भरला आणि ‘गुजरात, 1914’ अशी चिठ्ठी लावली. शोधणारे वर्षानुवर्षं भलत्याच रानात फिरले! ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ओळखली. खऱ्या नोंदींच्या जागी त्या आल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी शहाद्याजवळ त्यांना व सोबत्यांना तो दिसला. 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही सापडला. तिकडे गेलात तर दिवसाच बघा. उघड्या फांदीवर ऊन खात बसतो.